फुकटवाले, विकतवाले आणि माझ्या कमरेची किल्ली

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मशीन तापतंय, हात लावून बघा. कोणीही विश्वास ठेवला नाही. चौथी शिकलेली बाई, गणपती गवतात बांधणारी, ती सांगणार कॉम्प्युटरला काय झालंय ते? अरे, तापलेलं कळायला दहावी लागते का? भाकरीचा तवा मी काय सर्टिफिकेट बघून ओळखते?

असो. पेणजवळच्या आमच्या जोह्यात गणपतीच्या प्रत्येक कारखान्यात कोपऱ्यात एक टोपली असते. मोडलेली सोंड, निखळलेला हात, कान तुटलेला उंदीर, सगळं त्या टोपलीत. टाकवत नाही आणि जोडायला वेळ नसतो. ह्या मशीनचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. बायका बांधणीला बसल्या की एकेक मागतात. "सुमनताई, तो जावयाचा सांग." "तो नागोठण्याचा सांग." सांगते. पण मधे मधे बोलू नका, माझं डोकं अजून थंड झालेलं नाही.

आधी कोण कुठला ते सांगते, म्हणजे मागाहून विचारत बसणार नाही.

आठ कारखानदारांची मिळून आमची एक संस्था आहे. तिचे अध्यक्ष नाना. वय सत्तर. मूर्तीचे डोळे काढायचे, त्याला आखणी म्हणतात, त्यात नानांचा हात धरणारा आख्ख्या पेण तालुक्यात नाही. डोळे काढलेल्या मूर्तीवर रंगाचा एक कण उडाला तर माणूस त्या दिवशी जेवत नाही. नाना म्हणजे नानाच. खरं नाव दारावरच्या बोर्डावर आहे, 'भालचंद्र घरत, मूर्तिकार', पण त्या नावाने त्यांना फक्त पोस्टमन हाक मारतो.

संस्थेचं ऑफिस म्हणजे नानांच्याच कारखान्यात प्लायवूडची अर्धी भिंत. तिच्यामागे टेबल, खुर्ची आणि ऑर्डरींचं मशीन. कोणत्या गावाला, किती फुटांची, कोणत्या बैठकीची मूर्ती जायची, सगळं त्यात. आठही कारखान्यांचे मोबाइल त्यालाच जोडलेले. आणि ऑफिसची किल्ली अकरा वर्षं माझ्या कमरेला. नवरा गेला त्या वर्षी नानांनीच दिली. उघडायचं मी, झाडायचं मी, बंद करायचं मी. ती किल्ली आहे म्हणून गावात मला बांधणीवाली म्हणत नाहीत, ऑफिसवाली म्हणतात. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं. ते जायची वेळ आली होती, म्हणून हे सगळं.

*

पहिलं मशीन रोह्याजवळच्या वरस्याच्या मंदारने लावलं होतं. मंदार रोह्याच्या एका कंपनीत शिफ्ट करतो आणि सुट्टीच्या दिवशी लोकांचे कॉम्प्युटर फुकट दुरुस्त करत फिरतो. लग्न झालेलं नाही, त्यामुळे चालतं. एका जुन्या डबड्यावर त्याने मशीन चालवणारं लिनक्स नावाचं काहीतरी टाकलं आणि डबडं कपाटात ठेवून दिलं.

"मावशी, ही सगळ्यांची आहे," मला म्हणाला. "जगभरातल्या लोकांनी मिळून केलीय. पैसे नाहीत, परवानगी नाही. हवी तर उघडून आत बघा, हवी तशी बदला."

म्हणजे गावच्या विहिरीसारखी, मी म्हटलं. तो खूश झाला. तीन वर्षं ते डबडं कपाटात बसून चाललं, एकदा कुरकुरलं नाही.

पण नानांना चैन नव्हतं. ते रोज त्या कपाटाकडे संशयाने बघायचे. एकदा त्यांनी मंदारला समोर बसवलं.

"बिघरला तर जबाबदार कोन?"

"सगळेच, नाना. कोणीतरी उत्तर देतंच."

"सगळे म्हंजे कोनीच नाय. मना एक मानूस दाखव, ज्याला शिव्या घालता येतील."

"मला घाला की."

नाना म्हणाले, "तू फुकट येतोस रे. तुला कोनत्या तोंडानं घालू?"

*

मग आले नानांचे जावई, प्रसादराव. पेणला राहतात, कॉम्प्युटरचाच धंदा. त्यांनी नवीन मशीन आणलं, त्यात विकतची लिनक्स. मी विचारलं, म्हणजे आधीचीच की.

"सुमनताई, घराणं एकच," जावई म्हणाले. "मूळ पुरुष युनिक्स. त्याच्यापासून सगळी वंशावळ. पण ही कंपनीची आहे. वर्षाची वर्गणी भरायची, बदल्यात ते सांभाळणार. फोन केला की उचलायला माणूस बसलेला आहे."

"म्हणजे एकाच घरचे दोन भाऊ," मी म्हटलं. "एक हाक मारली की येतो, दुसऱ्याला पत्रिका लागते."

जावयांना ते लागलं. तेही पत्रिकेशिवाय सासुरवाडीला येत नाहीत, हे मला त्या वेळी आठवलं नव्हतं, खरंच.

नानांनी नवीन मशीनची पूजा केली, नारळ फोडला, हार घातला. "विकतचं हाय, कपाटात कशाला?" म्हणाले आणि मानाची जागा दिली. प्लायवूडच्या भिंतीला लागून एक लांब फळी आहे, तिच्यावर डोळे काढून झालेल्या मूर्ती ओळीने उभ्या असतात. त्या फळीच्या शेवटाला मशीन. आठ-नऊ गणपती आणि त्यांच्या पंगतीत ते काळं खोकं.

पाच दिवस नीट चाललं. सहाव्या दिवशी दुपारी अडीचला बंद पडलं.

*

बंद पडण्याच्या प्रतापांपैकी एकच सांगते. टेम्पो दारात उभा, पाऊस थांबलेला, ड्रायव्हर घाई करतोय, आणि मोबाइलवर नुसतं चक्र फिरतंय. कोणती मूर्ती कुठे, काही दिसेना. शेवटी आठवणीवर भरल्या. मी ओरडत होते, थांबा, वहीत बघू. वही कोण बघतंय? वहीच्या जागी मशीन आलं होतं ना.

तिसऱ्या दिवशी ठाण्याहून एका बाईंचा फोन.

"अहो, तुम्ही आम्हाला उजव्या सोंडेचा पाठवलाय."

उजव्या सोंडेचा म्हणजे कडक. सोवळं-ओवळं, नैवेद्य वेळच्या वेळी, सगळं काटेकोर. मी म्हटलं, बदलून देतो बाई, घाबरू नका.

"घाबरू नका काय? आणून दोन दिवस झाले. काल ह्यांनी त्याच्यासमोर ऑम्लेट खाल्लं."

नानांनी माझ्या हातून फोन घेऊन ठेवला आणि सरळ माझ्याकडे वळले. "झारताना वायर वरलीस."

"नाना, मी झाडते सकाळी आठला. मशीन बंद पडलं दुपारी अडीचला. आठला ओढलेली वायर अडीचला निघते व्हय?"

"तू वरतेस तशी," नाना म्हणाले.

त्या दिवशीही मशीन नुकतंच बंद पडलं होतं, मी पुन्हा हात लावला. इस्त्री ठेवून उचलल्यासारखं. पहिल्या दिवशी म्हटलं तेच म्हटलं, नाना, हे तापलंय. नानांनी ऐकलंच नाही. ते कंपनीला फोन लावत होते.

*

फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे एक मुलगी. कुठल्या शहरात बसली होती देव जाणे, पण हिंदी इतकं गोड की कारखान्यातले सगळे हात थांबले. तिने नानांना नाव विचारलं, नंबर विचारला, तब्येत विचारली. मग म्हणाली, एकदा मशीन बंद करून पुन्हा चालू करा.

मी फोन ओढला. म्हटलं, "पोरी, बंद ते आपलं आपणच होतंय. चालू आम्ही करतो. तुझा इलाज इथे रोज दुपारी चाललाय."

ती हसली सुद्धा नाही. म्हणाली, तपासणीची एक फाइल पाठवा. मी म्हटलं, ते तापतंय. ती म्हणाली, तेसुद्धा फाइलमध्ये येईल.

जावयांनी फाइल पाठवायला लावली आणि जेवायला गेले. जोह्याचं नेट तुम्हाला माहीत आहे, वाऱ्यावर हलतं. अर्ध्यापर्यंत गेली आणि अडीच वाजले. मशीन बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्ध्यापर्यंत, पुन्हा अडीच. चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. जावयांनी वाचून दाखवलं: तुमच्याकडून उत्तर आलं नाही, त्या अर्थी अडचण सुटली असं समजून तक्रार बंद करत आहोत.

"घाला आता शिव्या," मी नानांना म्हटलं. "त्यासाठीच घेतलंत ना?"

नाना खुर्चीत बसून राहिले. "त्या पोरीला कशी घालू गो? इतकी गोर बोलते, शिवी ओठापर्यंत येते नि मागं जाते."

मागे गेलेल्या सगळ्या शिव्या संध्याकाळी माझ्यावर निघाल्या. वर म्हणाले, सोमवारपर्यंत बघतो, नाहीतर किल्ली दुसऱ्याकडे देतो.

त्या दिवसापासून मला बसवेना. बांधायला बसले की हात कमरेला जायचा, किल्ली आहे का बघायला. गवताच्या पेंढीची गाठ सुटायची. ताईत चाचपणाऱ्या म्हाताऱ्यासारखी मी दिवसातून पन्नास वेळा किल्ली चाचपायची.

*

जावयांनी शोध लावला की दोष विजेचा आहे. दुपारी रंग फवारायचा कंप्रेसर सुरू होतो, तो वीज ओढतो, मशीनला कमी पडते. पटण्यासारखं होतं, कारण ज्या दिवशी फवारणी नसायची त्या दिवशी मशीन बंद पडायचं नाही, हे मीसुद्धा बघितलं होतं; पहिले पाच दिवसही फवारणी नव्हतीच. त्यांनी हे एवढं मोठं बॅटरीचं खोकं आणून लावलं.

अडीच वाजले. आम्ही जेवून येऊन बघितलं, तर बॅटरीचा हिरवा दिवा मजेत जळत होता. मशीन बंद.

"चला," जावई हात झटकत म्हणाले, "वीज ठीक आहे हे सिद्ध झालं."

मी म्हटलं, मशीन तापतंय. ते म्हणाले, "सुमनताई, सर्व्हर थोडा तापतोच." मी गप्प बसले. मी गप्प बसले हाच खरं तर एक किस्सा आहे.

*

आता नागोठण्याचा.

मी मंदारला फोन केला. तो म्हणाला, मला हात लावता येणार नाही, बाहेरच्याने हात लावला तर कंपनी जबाबदारी सोडते. पण मी ग्रुपला विचारतो.

हा ग्रुप काय, तर पेण आणि रोह्यात मिळून ही फुकटची लिनक्स वापरणारी सात माणसं. सात. एका रिक्षात बसली नसती, पण दोन रिक्षा भरल्याही नसत्या. त्यांचे ग्रुप मात्र दोन, पेणचा वेगळा, रोह्याचा वेगळा, आणि एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. पेणच्या ग्रुपचा म्होरक्या केतन, शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. मंदार रोह्याच्या ग्रुपचा. दोघेही फुकटवालेच, पण ह्याची फुकट वेगळी आणि त्याची वेगळी. नावं ऐकाल तर खोकल्याच्या औषधांची वाटतील.

मंदार म्हणाला, तुमच्या निमित्ताने एकी करून टाकू. सभा ठरली नागोठण्याला, कारण पेणवाले रोह्याला येणार नाहीत आणि रोहेवाले पेणला. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात सात जण आणि आठवी मी. माझी किल्ली चालली होती, मी कशी घरी बसणार?

भांडण मिसळ यायच्या आधीच सुरू झालं. मला कळलं ते असं. हे मशीन स्वतःची रोजनिशी लिहितं. आज काय केलं, कुठे अडलं, किती वाजता बंद पडलो, सगळं. केतनचं म्हणणं, ही रोजनिशी साध्या अक्षरात हवी, कोणीही उघडावी आणि वाचावी. रोहेवाल्यांचं म्हणणं, ती पेटीत बंद हवी, हुकूम दिला की पाहिजे तेवढंच पान काढून देणारी. एक म्हणाला, पेटी म्हणजे गुलामगिरी. दुसरा म्हणाला, तुम्ही अजून पाटी-पेन्सिलवर आहात. दोन तास. मिसळीवरची तर्री थिजली. हॉटेलवाल्याने दोनदा टेबल पुसलं, माणसांसकट.

शेवटी मी विचारलं, "आमच्या मशीनच्या रोजनिशीत काय लिहिलंय?"

केतनने मंदारकडे बघितलं. मंदारने मिसळीकडे.

"ती अजून कोणी वाचली नाही, मावशी."

एकीची सभा तिथेच मोडली. परतीच्या एसटीत मंदारने रागाने तिसरा ग्रुप काढला, नाव ठेवलं 'एकी'. त्यात अजूनपर्यंत तो एकटाच आहे.

*

शनिवारी मी दोघांनाही जोह्याला बोलावलं. मंदारला सांगितलं नाही की केतन येतोय, केतनला सांगितलं नाही की मंदार येतोय. समोरासमोर आल्यावर दोघांची तोंडं बघण्यासारखी होती. मी म्हटलं, भांडण नागोठण्याला ठेवून या. इथे फक्त रोजनिशी वाचायची.

"आम्हाला हात लावता येत नाही," दोघे एकदम म्हणाले. कधी नव्हे ती एकी.

"तुम्ही लावू नका. मी लावते. मी बाहेरची नाय."

दोघे प्लायवूडच्या भिंतीबाहेर स्टुलावर बसले, मी आत मशीनसमोर. त्यांनी अक्षर सांगायचं, मी बटण शोधायचं. इंग्रजी अक्षरं मला टेम्पोच्या नंबरप्लेटवरून येतात. एकेक करून बोट टेकवत गेले. दोनदा चुकले, तर दोघे बाहेरून ओरडले, दोघांचं ओरडणंही वेगळं. आणि मग पडद्यावर ओळी उतरल्या. मी मोबाइलवर फोटो काढून भिंतीवरून दिला.

केतनने वाचलं. मंदारने वाचलं.

"मावशी," मंदार म्हणाला, "मशीन तापून बंद होतंय. प्रत्येक वेळी. अडीच ते तीनच्या मध्ये."

"मी पहिल्या दिवसापासून काय सांगतेय?"

"तुम्ही सांगत होतात," केतन समजावून म्हणाला, "पण ह्यात वेळ लिहिलीय."

मला वाटलं, सुटले. नानांना जाऊन सांगितलं. नानांनी ब्रश खाली ठेवला नाही. "तापतं? मंग हीच च्याचा टोप त्याच्याशेजारी ठेवत आसंल." आणि जावयांना म्हणाले, "परत तक्रार केलीस ना? आता कंपनी नवीन मशीन पाठवनार. त्या कागदावर कोनाचा दोष ते लिहायचं हाय. हिचं नाव लिव. सोमवारी किल्ली घेऊन टाकतो."

कागद टेबलावर होता. त्यात एक रकाना: जबाबदार व्यक्तीचं नाव. जावयांनी पेन काढलं, मग माझ्याकडे बघून पुन्हा खिशात ठेवलं. "सोमवारी लिहितो," म्हणाले. तेवढे उपकार मी मानते.

*

सोमवारी सकाळी मी किल्ली कमरेची सोडली आणि त्या कागदावर ठेवून दिली. स्वतःच. कोणी मागायच्या आधी.

दुपारी जेवायची सुट्टी झाली. खाली उभ्या बिनडोळ्यांच्या मूर्तींवर फवाऱ्याचा शेवटचा हात नाना एकटेच मारतात. रंगाचा धूर नाकात जातो, म्हणून बाकी सगळे घरी. मीही रोज जातेच, सासूला वाढायला. पण अडीच ते तीनमध्ये काय होतं ते डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून त्या दिवशी सासूचं ताट सकाळीच झाकून ठेवलं होतं. मंदारने सुट्टी टाकली होती, केतनने शाळेत काहीतरी थाप मारली होती, आणि जावई का आले ते त्यांनाच माहीत, पत्रिका तर मी दिली नव्हती. चौघे बांधणीच्या गवतामागे दडलो. केतनला शिंक येत होती, मंदारने त्याचं नाक दाबून धरलं होतं.

नाना आले. सदरा काढला, खुंटीला लावला. फळीवर नऊ मूर्ती उभ्या होत्या, डोळे सकाळीच काढून झालेले. नानांनी काखेतली प्लास्टिकं सोडली आणि पहिल्या मूर्तीवर एक घातलं. कडा बैठकीखाली चारी बाजूंनी दाबल्या, आत फवारा जायला नको म्हणून. मूर्तीच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला. मग दुसरी. मग तिसरी. पन्नास वर्षांचा हात, बघायचीही गरज नाही. तोंडाने काहीतरी गुणगुणत होते. आठवी. नववी.

मग मशीन. प्लास्टिक घातलं. कडा चारी बाजूंनी खाली दाबल्या, घट्ट. डोक्यावर क्षणभर हात ठेवला.

आणि कंप्रेसर सुरू केला.

केतनला शिंक आली नाही. कोणालाच काही आलं नाही. अर्धा तास आम्ही गवतात बसून होतो. फवारा थांबला. धूर खाली बसला. नानांनी त्याच क्रमाने प्लास्टिकं काढली, नऊ आणि एक दहावं, झटकली, घडी घालून काखेत धरली. मग मशीनकडे बघितलं. पडदा काळा.

"सुमन!" नाना दाराकडे तोंड करून ओरडले. "परत बंद पारलंस!"

मी गवतातून उभी राहिले. माझ्यामागे मंदार. त्याच्यामागे केतन. सगळ्यांत शेवटी जावई, केसात गवत.

नाना आमच्याकडे बघत होते. मग त्यांनी काखेतल्या घडीकडे बघितलं. मग फळीकडे. एकेक मूर्ती मोजत शेवटापर्यंत गेले, आणि शेवटाला थांबले.

येऊन खुर्चीत बसले. टेबलावरचा कागद पुढे ओढला. त्यावरची किल्ली उचलून माझ्या बाजूला सरकवली. जावयांनी पेन पुढे केलं, तर मान हलवली.

"हिला दे. हिचा अक्षर बरा हाय."

मी पेन घेतलं. म्हटलं, "काय लिहू, नाना?"

"बोर्डावर हाय तेच."

मी चौथीतल्यासारखं, एकेक अक्षर सुटं करून लिहिलं: भालचंद्र घरत.